दहावा बुरूज कोठे बांधावा?

गिरीज गावाच्या कडेला हिरा डोंगरी नावाची एक बुटकी टेकडी आहे. माथ्यावर दत्ताचे मंदिर असल्यामुळे गुरुवारी व दत्तजयंतीला तेथे वर्दळ असते; परंतु पायऱ्या चढून जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, ही टेकडी म्हणजे एके काळचा वज्रगड होय. वसईच्या मोहिमेच्या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यातील वसईच्या कोटावर नजर ठेवण्यासाठी मराठ्यांनी या उंचवट्याचा उपयोग केला. १७३९ च्या मे महिन्यात तो कोट चिमाजी आप्पांच्या सैन्याला शरण गेला आणि वज्रगडाचे काम संपले. आज त्याचे अवशेष शोधूनच काढावे लागतात.

प्रस्तुत लेखकाचा विषय इतिहास नव्हे, अर्थशास्त्र आहे. म्हणून त्या टेकडीवर उभे राहिले की मनात येणारा प्रश्न थोडा निराळा असतो. पैसा, माणसे आणि वेळ ही तिन्ही मोजकी असताना टेहळणीसाठी नेमकी हीच जागा का निवडली गेली असेल? येथून उत्तरेला सुमारे दहा-बारा किलोमीटरवर, वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्याचे बेट आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतले व तेथे कोट उभारला. त्या कोटाबाहेर एक सुटा, गोल टेहळणी बुरूज आजही उभा आहे. वैतरणा ओलांडली की दातिवरे, एडवण, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी लहानमोठ्या कोटांची आणि बुरुजांची ओळच लागते. हे सारे एका हाताने, एका वेळी बांधलेले नाही. तरीही या ओळीत दहावा बुरूज बांधावयाचे ज्याने ठरविले असेल, त्याला आधीच्या नऊ बुरुजांवरून काय दिसत नाही, याचा विचार प्रथम करावा लागला असणार. त्याच्यापुढचा तो प्रश्न आज, रडार आणि उपग्रहांच्या काळात, अधिक मोठ्या रकमांसह पुन्हा आपल्यापुढे आला आहे. आणि दुःखाची गोष्ट अशी की, त्याची चर्चा सार्वजनिक व्यासपीठावर जवळजवळ होत नाही.

या किनाऱ्याने निष्काळजीपणाची किंमत दोनदा मोजलेली आहे. १९९३ मध्ये मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठी वापरलेली स्फोटके रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे समुद्रमार्गे उतरविण्यात आली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर 'ऑपरेशन स्वान' नावाची संयुक्त गस्त सुरू झाली. ती चालू असतानाच, पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. पुढचे सर्वांना माहीत आहे.

२००८ नंतर मात्र खर्चाला हात आखडता घेतला गेला नाही, हे मान्य केले पाहिजे. किनारी टेहळणीच्या योजनेत पहिल्या टप्प्यात ४६ रडार केंद्रे उभारण्यात आली: मुख्य भूमीवर ३६, लक्षद्वीप बेटांवर ६ आणि अंदमान-निकोबारमध्ये ४. खर्च सुमारे सहाशे कोटी रुपये. दुसऱ्या टप्प्यात आणखी ३८ स्थिर रडार व ४ फिरती केंद्रे ठरविण्यात आली. मोठ्या जहाजांनी आपली ओळख व स्थान आपण होऊन प्रसारित करावे, अशी यंत्रणा आहे आणि ते संदेश टिपणारी केंद्रे किनाऱ्याच्या दीपगृहांवर आहेत. ही सगळी माहिती एकत्र पाहणारे केंद्र २०१४ मध्ये गुरुग्राम येथे सुरू झाले. लहान मासेमारी नौकांसाठी एक लाख ट्रान्सपाँडर बसविण्याच्या सुमारे ३६० कोटींच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघरमध्ये झाला. त्याच समारंभात सुमारे ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून येथे आहेच. म्हणजे वसईच्या खाडीपासून डहाणूपर्यंतच्या या पट्ट्यात राखावयाचे बरेच आहे आणि ते वाढतच जाणार आहे.

तेव्हा प्रश्न खर्च करावा की नाही, हा नाही. प्रश्न असा की, पुढचे साधन कोठे बसवावे, हे कोणत्या कसोटीवर ठरवावे?

प्रथमदर्शनी हे सोपे वाटते. जागांची यादी करावी, सर्व शक्य निवडी तपासाव्यात आणि सर्वोत्तम निवडावी. परंतु हिशेब करून पाहा. समजा, किनाऱ्यावर साठ योग्य जागा आहेत आणि त्यांपैकी वीस जागी साधने बसविण्यापुरता पैसा आहे. साठातून वीस निवडण्याचे प्रकार चार हजार लाख कोटींहून अधिक भरतात. सेकंदाला दहा लाख प्रकार तपासणारे यंत्र रात्रंदिवस चालविले, तरी त्याला सुमारे एकशे तेहेतीस वर्षे लागतील. जागा ऐंशी आणि साधने तीस केली, की तोच कालावधी अठ्ठावीस कोटी वर्षांवर जातो. वेगवान यंत्र घेऊन हा प्रश्न सुटत नाही. चार जागा वाढल्या की यंत्राचा सगळा वेग खाऊन टाकला जातो. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी अशा एकवीस दुर्घट प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. कमीत कमी साधनांनी सर्व जागा झाकण्याचा प्रश्न त्या यादीत आहे. यांपैकी एकाला जरी सर्व परिस्थितीत चालणारी जलद रीत सापडली, तरी सर्वांना सापडेल. आणि ती अद्याप कोणालाही सापडलेली नाही. व्यवहारात हुशारीने लिहिलेली संगणकीय साधने मध्यम आकाराचे पुष्कळ प्रश्न पूर्णपणे सोडवितात, हे सांगितले पाहिजे. परंतु ती दर वेळी सोडवतीलच, अशी हमी नसते.

येथे दोन प्रकारची माणसे दोन प्रकारच्या चुका करतात. पहिला म्हणतो, सर्वोत्तम सापडत नसेल तर कशालाच अर्थ नाही; अनुभवी अधिकाऱ्याच्या अंदाजावर सोडा. दुसरा म्हणतो, सर्वांना समान वाटा. प्रत्येक तालुक्याला एक ठाणे, प्रत्येक ठाण्याला एक नौका, म्हणजे तक्रार उरणार नाही. आपल्याकडे दुसऱ्याचेच राज्य चालते, कारण समान वाटप विधानसभेत सांगावयास सोपे असते. समुद्राला मात्र तालुक्याच्या हद्दी ठाऊक नसतात.

या दोघांच्या मधला मार्ग गणितज्ञांनी १९७० च्या दशकात शोधून काढला आणि तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच ओळखीचा वाटावा, असा आहे. सर्वोत्तमाचा हट्ट सोडावा. पण अंदाजावरही विसंबू नये. अशी रीत घ्यावी की, जी झटपट उत्तर देईल आणि त्यासोबत 'हे उत्तर सर्वोत्तमापेक्षा अमुक इतक्याहून अधिक वाईट असूच शकत नाही' अशी लेखी हमीही देईल. यांना सन्निकट रीती म्हणता येईल. त्यांतील सर्वांत साध्या रीतीला हावरी रीत म्हणतात, कारण ती पुढचा विचार न करता प्रत्येक पायरीला समोरचा सर्वांत मोठा घास उचलते. मात्र घास मोजण्याची तिची तऱ्हा महत्त्वाची आहे: या जागेवरून एकूण किती दिसते, हे ती विचारत नाही, आतापर्यंत न दिसलेले असे नवे किती दिसेल, हे विचारते.

आपल्याच किनाऱ्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. वसईच्या खाडीपासून वैतरणेच्या मुखापर्यंतचा किनारा बारा तुकड्यांत विभागला आहे, असे समजा. वज्रगडावरून सहा तुकडे दिसतात, वसईच्या कोटावरून पाच आणि अर्नाळ्याच्या बुरुजावरून चार. दोनच चौक्यांचा पैसा आहे. गुणानुक्रमे पहिल्या दोघांना घेणारा कारकुनी न्याय वज्रगड आणि वसईचा कोट निवडील. पण कोटावरच्या पाच तुकड्यांपैकी चार वज्रगडावरून आधीच दिसत आहेत. कोटाने भर घातली ती एका तुकड्याची. अर्नाळ्याचे चारही तुकडे नवे आहेत. पहिल्या निवडीत सात तुकडे झाकले जातात, दुसरीत दहा, खर्च तोच. वर्गात आपण घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवितो तो हाच: पाचव्या भाकरीचे मोल तिच्या पिठावर ठरत नाही, आधी किती भाकऱ्या पोटात गेल्या यावर ठरते.

हा नियम पुस्तकात राहतो आणि दारात विसरला जातो, याचा एक घरगुती पुरावा देतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेने चोरीच्या भीतीने आठ कॅमेरे बसविले. त्यांपैकी पाच कॅमेऱ्यांत मुख्य फाटक दिसते, आणि प्रत्येकात ते अगदी सुरेख दिसते. सायकली चोरीला जातात त्या मागच्या बोळातून. तो बोळ एकाही कॅमेऱ्यात येत नाही, कारण प्रत्येक कॅमेरा बसविताना 'येथून चांगले दिसते का' एवढेच पाहिले गेले. दर वेळी उत्तर 'हो' असेच आले.

हावऱ्या रीतीची हमी कोठून येते, हे दोन वाक्यांत सांगण्याजोगे आहे. समजा, सर्वोत्तम निवड दहा जागांची आहे. आपण तिच्यापेक्षा जितके मागे आहोत ती आपली तूट. त्या दहा जागांनी मिळून ती सगळी तूट भरून निघते, म्हणजे त्यांपैकी निदान एक जागा तुटीचा दहावा हिस्सा तरी एकटी भरणारच. आणि हावरी रीत त्याहून कमी कधीच घेत नाही. प्रत्येक पायरीला तूट नऊ-दशांश होत गेली की, दहा पायऱ्यांनंतर ती शेकडा पस्तिसाच्या आत येते, म्हणजे सर्वोत्तमाच्या शेकडा पासष्ट काम झालेले असते. जागांची संख्या कितीही वाढविली तरी हा आकडा शेकडा त्रेसष्टच्या खाली जात नाही. १९७८ मध्ये नेमहाउझर, वोल्सी व फिशर यांनी हे सिद्ध केले. आणि १९९८ मध्ये उरिएल फायगे यांनी दाखविले की, कार्प यांच्या यादीतील प्रश्नांना जलद रीत सापडत नाही तोवर यापेक्षा चांगली हमी कोणतीही जलद रीत देऊ शकणार नाही. शेकडा त्रेसष्ट हा तळ आहे. प्रत्यक्षात उत्तर बहुधा त्याहून पुष्कळ वर असते. परीक्षेत पहिला वर्ग साठावर मिळतो, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा ते हसतात. परंतु कोणत्या सरकारी खात्याने आपल्या नियोजनाबद्दल अशी लेखी हमी कधी दिली आहे?

अर्थात सर्व साधनांची किंमत सारखी नसते. रडार महाग, दुर्बीण स्वस्त. तेव्हा 'नवे किती दिसते' याला खर्चाने भागावे आणि रुपयामागे सर्वाधिक देणारे साधन प्रथम घ्यावे, असे कोणालाही सुचेल. येथे एक सापळा आहे. समजा, हाती दहा लाख रुपये आहेत. एक साधन एक लाखाचे असून अकरा वस्त्यांवर नजर ठेवते. दुसरे दहा लाखांचे असून शंभर वस्त्यांवर. लाखामागे पहिले अकरा देते, दुसरे दहा. काटकसरी हिशेबनीस पहिले घेतो. उरलेल्या नऊ लाखांत मोठे साधन बसत नाही. आणि शंभरांच्या जागी अकरावर समाधान मानावे लागते. स्वस्ताचे दर पाहून खरेदी करणाऱ्या कोणत्याही कार्यालयाने हे उदाहरण भिंतीवर लावावे. यावर १९९९ मध्ये समीर खुल्लर, अ‍ॅना मॉस व जोसेफ नाओर यांनी उपाय दिला. नुसते दराने निवडलेले उत्तर आणि परवडणारे सर्वांत मोठे एकच साधन यांची तुलना करून वरचढ ते घेतले, तरी सर्वोत्तमाच्या एक-तृतीयांशाहून अधिकाची हमी मिळते. आणि प्रारंभीची तीन साधने सर्व प्रकारे बदलून पाहण्याची मेहनत घेतली, तर शेकडा त्रेसष्टची हमी परत येते. म्हणजे काटकसर चुकीची नाही. एका फेरीत संपविलेली काटकसर चुकीची आहे.

येथवर सगळे सुरळीत आहे. परंतु ज्या गृहीतावर ही हमी उभी आहे ते आपल्या किनाऱ्यावर कोठे मोडते, हे पाहिल्याशिवाय तिचा उदोउदो करणे धोक्याचे ठरेल. गृहीत असे की, साधने एकमेकांना पर्यायी आहेत: एक असले की दुसऱ्याची गरज कमी होते. चहा आणि कॉफीसारखी. पण लेखणी आणि शाई एकमेकांना पर्यायी नसतात. एक नसेल तर दुसरीची किंमत शून्य होते. अर्थशास्त्रात त्यांना पूरक वस्तू म्हणतात. रडारच्या पडद्यावर ठिपका दिसला. तो कोणाचा हे सांगणारी यंत्रणा नसेल तर तो शेकडो ठिपक्यांतला एक ठिपका. ठिपका संशयास्पद आहे हे कळले. पण जवळच्या ठाण्यातील नौका दुरुस्तीला गेलेली असेल, डिझेलची मंजुरी आली नसेल, किंवा नौका चालविणारा तांडेल कंत्राट संपून घरी गेला असेल, तर दिसूनही उपयोग नाही. पूरक साधनांच्या जगात हावरी रीत आंधळी होते: एकटे रडार काही साधत नाही, एकटी नौका काही साधत नाही, म्हणून दोन्हींची सीमांत उपयोगिता शून्य दिसते आणि ती तिसरेच काही खरेदी करते.

२०११ च्या जुलै महिन्याच्या अखेरच्या दिवशी 'पवित' नावाचे सुमारे एक हजार टनांचे तेलवाहू जहाज मुंबईच्या जुहू किनाऱ्याला येऊन लागले. त्यावर एकही माणूस नव्हता. ओमानजवळ खलाशांनी ते सोडून दिल्यानंतर ते महिनाभर अरबी समुद्रात भरकटत होते. त्याआधी जून महिन्यात 'विस्डम' हे भंगारात निघालेले जहाज, ओढणारा दोर तुटून, त्याच किनाऱ्यावर येऊन रुतले होते. रबरी होडी नजरेतून सुटू शकते, असे २००८ नंतर सांगितले गेले. हजार टनांचे निर्मनुष्य जहाज वाळूत रुतेपर्यंत कोणाला अडविता आले नाही, याचे कारण निव्वळ दृष्टीचा अभाव असू शकत नाही. उलट २००८ च्या त्या रात्री कफ परेडच्या वस्तीतील मच्छीमारांनी उतरणाऱ्यांना पाहिले होते, हटकलेही होते. म्हणजे देशातील सर्वांत स्वस्त टेहळणी साधनाने आपले काम चोख केले. त्या साधनाला जोडलेली तार मात्र पुढे कोठेच जात नव्हती.

यावरचा उपाय गणितात आहे, पण तो खात्यांच्या रचनेत बसत नाही. पूरक वस्तूंची निवड सुटी करू नये. त्यांचा जोड बांधून त्यालाच एक साधन मानावे. रडार, ते पाहणारी तीन पाळ्यांतील माणसे, ओळख पटविणारी यंत्रणा, वीस मिनिटांत निघू शकणारी नौका आणि तिचे वर्षाचे डिझेल हा एक संच. त्याची किंमत एकत्र मोजावी आणि मग एका संचाची दुसऱ्या संचाशी तुलना करावी. संच एकमेकांना बऱ्याच अंशी पर्यायी असतात, त्यामुळे हमीची भाषा पुन्हा लागू होऊ लागते. पण रडार एका मंत्रालयाचे, नौका राज्याच्या पोलिसांची, ओळखपत्रे मत्स्यव्यवसाय खात्याची आणि दीपगृहे चौथ्याच संचालनालयाची. प्रत्येक खाते आपापल्या वस्तूची खरेदी अगदी काटेकोरपणे करते आणि जोड कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. शिवाय भांडवली खर्च फीत कापून होतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते; डिझेलच्या बिलाचे छायाचित्र काढावयास कोणी येत नाही. दीपगृहांच्या मनोऱ्यांवर रडार बसविण्याचा निर्णय मात्र या दृष्टीने शहाणपणाचा होता. उभा मनोरा, वीज आणि रखवालदार आयते मिळाले. (दीपगृह ज्या जागी बांधतात ते जहाजांना दिसावे म्हणून, तेथून जहाजे दिसावीत हा हेतू नसतो. दोन्ही जागा बहुधा जुळतात, नेहमी नाही.)

दुसरी अडचण शत्रूची. पाऊस आपले पर्जन्यमापक कोठे आहेत, हे पाहून पडत नाही; पण तस्कर आपली चौकी कोठे आहे, हे पाहूनच येतो. सरासरीने किनाऱ्याचा शेकडा नव्वद भाग झाकला, या विधानाला शत्रूच्या दृष्टीने अर्थ एवढाच की, उरलेल्या दहांतून यावे. जेथे प्रश्न सर्वांत कमकुवत दुव्याचा असतो तेथेही हावरी रीत फसते: दोन खाड्या उघड्या असतील तर एक बंद केल्याने कमकुवत दुवा कमकुवतच राहतो, म्हणून तिला पहिले पाऊल टाकण्यातच लाभ दिसत नाही. आंद्रेआस क्राउझे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा प्रश्नांसाठी वेगळी रीत दिली. तिची अट एवढीच की, ठरल्यापेक्षा काही अधिक साधने वापरण्याची मुभा हवी.

साधने वाढविणे शक्य नसेल तर ती हलती ठेवावीत. मिलिंद तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी या दिशेने केलेले काम आपल्या वाचकांना ठाऊक असावयास हवे. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर त्यांच्या गणिती पद्धतीने तपासणी नाके रोज वेगळ्या, शत्रूला ओळखता न येणाऱ्या क्रमाने लावण्यास सुरुवात झाली. २०११ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाने बोस्टन बंदरातील गस्तीसाठी तशीच पद्धत स्वीकारली. त्याच वर्षी या गटाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याची प्रेरणा मुंबई होती: २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर पोलिसांनी लावलेली मोजकी नाकाबंदी कोठे आणि कशी फिरती ठेवावी, हा प्रश्न. रस्त्यांच्या जाळ्यातील मार्ग इतके असंख्य की सर्व मांडून पाहणे अशक्य. म्हणून त्यांनी थोड्या मार्गांपासून आरंभ करून, शत्रूचा सर्वांत चांगला नवा मार्ग आणि पोलिसांची त्यावरची सर्वांत चांगली नवी मांडणी यांची भर एकेक करून घालत जाण्याची रीत मांडली. २०१३ मध्ये त्यांनी ती मुंबईच्या साऱ्या रस्त्यांना पेलेल, इतकी वाढविली. मुंबईच्या प्रश्नावर परदेशी विद्यापीठात इतका विचार व्हावा आणि मुंबईलगतच्या महाविद्यालयांत त्याचे नावही ऐकू येऊ नये, याचा खेद वाटतो. त्या खेदात प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे.

किती किनारा झाकला याच्या टक्केवारीबद्दलही सावध राहिले पाहिजे. भारताची किनारपट्टी अनेक दशके ७,५१६ किलोमीटर म्हणून शिकविली गेली; अलीकडील मोजणीत ती ११,०९८ किलोमीटर झाली. जमीन वाढली नाही; मोजपट्टी बारीक झाली आणि खाड्यांची वळणे हिशेबात आली. जुन्या मोजणीवर झाकलेला शेकडा ऐंशी किनारा नव्या मोजणीवर किती ठरेल, हे त्या वळणांवर काय आहे यावर अवलंबून आहे. आणि चोरट्या मालाला सरळ किनाऱ्यापेक्षा वळणेच अधिक आवडतात.

मग मागावयाचे काय? रडार कोठे आहे आणि कोठे नाही, हे जाहीर करा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु निवड कोणत्या रीतीने झाली, तिची हमी किती आणि चालू खर्च धरून संचाची किंमत काय, एवढे तीन प्रश्न विधिमंडळाच्या समितीला बंद दाराआड विचारता येतात. उत्तर 'अनुभवी अधिकाऱ्यांनी पाहणी करून ठरविले' असे आले, तर चौथा प्रश्न आपोआप सुचेल.

आणि मच्छीमार. पाचूबंदर, किल्लाबंदर, रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा या गावांतील होड्या पहाटे समुद्रात असतात. अनोळखी होडी त्यांना तिच्या चालण्यावरून ओळखू येते. त्यांचा सीमांत खर्च म्हणजे १०९३ या किनारी सुरक्षा क्रमांकावर केलेला एक दूरध्वनी. खर्चाने भागून निवड करणारी कोणतीही रीत त्यांना पहिल्या फेरीत निवडील. त्यांच्या मर्यादाही आहेत: 'पवित' आले ते ऐन पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याच्या दिवसांत. म्हणजे रडारची सीमांत उपयोगिता पावसाळ्यात वाढते आणि हिवाळ्यात घटते. फिरती केंद्रे कोणत्या महिन्यांत कोठे असावीत, याचे उत्तर त्यातच आहे. पण या साधनाची एक किंमत अंदाजपत्रकात दिसत नाही. तिचे नाव विश्वास. वाढवण बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे. तो योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. मात्र ज्याची जाळी टाकण्याची जागा गेली, ज्याला ओळखपत्रासाठी चार खेपा घालाव्या लागल्या, आणि ट्रान्सपाँडर म्हणजे आपल्यावरच पाळत आहे असे ज्याला वाटते, तो माणूस पहाटे तीन वाजता पोलिसांना दूरध्वनी करील, असे गृहीत धरून केलेली योजना कागदावरच स्वस्त असते.

गेल्या हिवाळ्यात मी वर्गातील मुलांना वसईच्या किनाऱ्यावरील उतरण्याजोग्या जागांची यादी करून, काल्पनिक पैशांत चौक्या निवडावयास सांगितले. तक्ता मीच आखून दिला होता: जागा, नवे किती दिसते, उभारणीचा खर्च, भागाकार. एका अर्नाळ्याच्या मुलाने, त्याचे वडील होडीवर जातात, विचारले, "सर, डिझेल कोणत्या रकान्यात लिहायचं?" तसा रकाना तक्त्यात नव्हता. आम्ही तो फळ्यावर वाढविला, त्याच मुलाने सांगितलेले आकडे भरले आणि भागाकार पुन्हा केले. आधी दुसऱ्या क्रमांकावर आलेली चौकी पाचवी गेली.